कपाटाची किल्ली मागण्याआधी

पत्र : ‘ताई, नमस्कार. आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा आहे. माझी मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून घेतलं. पहिल्या बैठकीला सर कपाटातून इतिवृत्ताची वही काढत होते, तेव्हा आत पुस्तकांची थप्पी दिसली. कोरी, चित्रांची. घरी पोरीला विचारलं तर म्हणाली, ती आम्हाला नाही देत. सरांना विचारलं, तर म्हणाले, पोरं फाडतात, हरवतात, मग भरून कोण देणार? बाकीचे सदस्य म्हणाले, आधी नवोदयचं बघा, गोष्टी काय घरीपण सांगता येतात. मी बारावी शिकलेय. माहेरी वाचनालयाची सभासद होते. शाळेत खरंखुरं ग्रंथालय चालावं असं मनापासून वाटतं. पुण्यातल्या नातेवाइकांकडून पुस्तकं गोळा करू, की ग्रंथपाल मागायला अर्ज करू, की वर तक्रार करू? गावाला हे पटवायचं कसं? आणि कुणी माझ्यावर चिडायला नको, पोरं तिथंच शिकतात.’

– एक पालक सदस्य, सोलापूर जिल्हा

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमच्या सरांचं आहे. ‘मग भरून कोण देणार?’ तुम्हाला ती टाळाटाळ वाटली असेल. मी शिक्षण खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, मला त्यात भीती ऐकू येते. ती भीती खोटी नाही.

शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवहीत चढतं, त्याला दाखल अंक पडतो. मुख्याध्यापकांची बदली झाली की पदभार देताना बाक, खुर्च्या, घंटा, वजनकाटा यांच्याबरोबर पुस्तकंही मोजली जातात. कमी भरली तर येणारा सही करायला कचरतो, आणि जाणाऱ्याच्या डोक्यावर तपासणीतल्या शेऱ्याची टांगती तलवार राहते. आता बाक तीस वर्षं टिकतो. दुसरीतल्या पंचवीस पोरांनी आवडीनं हाताळलेलं चित्रांचं पुस्तक वर्षभर टिकलं तरी पुष्कळ. वहीला हा फरक कळत नाही. वहीच्या हिशेबानं न वाचलेलं पुस्तक हेच सर्वांत चांगलं राखलेलं पुस्तक. राज्यभरच्या शाळांतली कितीतरी कपाटं याच हिशेबानं बंद असतात. शिक्षकांना वाचनाचं वावडं आहे म्हणून नव्हे. (तसेही असतात, पण त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी.)

म्हणून माझा सल्ला असा, की वाचनाचं महत्त्व कुणाला पटवायला जाण्याआधी हे भरून देण्याचं ओझं सरांच्या एकट्याच्या डोक्यावरून उतरवा. ते तुमच्या हातात आहे, कारण तुम्ही समितीवर आहात. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. मुख्याध्यापक म्हणून सर तिथे सचिव असतात. समितीनं केलेला ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की तो सरांसाठी कागदी आधार होतो. उद्या कुणी विचारलं तर त्यांना दाखवायला काहीतरी असतं.

ठराव साधा असू द्या. साधारण असा: ‘शाळेतील गोष्टीची व इतर अवांतर पुस्तके विद्यार्थ्यांना शाळेत वाचण्यासाठी व घरी नेण्यासाठी नियमित द्यावीत. वापरामुळे फाटलेली, जीर्ण झालेली वा गहाळ झालेली पुस्तके दरवर्षी शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस समितीसमोर ठेवावीत. वाजवी वापरातून झालेल्या नुकसानीबद्दल विद्यार्थी अथवा शिक्षकांकडून वसुली करू नये, अशी समितीची भूमिका असून अशा पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव समितीच्या शिफारशीसह वरिष्ठांकडे पाठवावा.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. निर्लेखन, म्हणजे पुस्तक नोंदवहीतून रीतसर कमी करणं, समितीच्या ठरावानं आपोआप होत नाही, त्याला वरची मंजुरी लागते. पण प्रस्ताव समितीकडून गेला की तो एकट्या मुख्याध्यापकाचा निष्काळजीपणा ठरत नाही.

सर म्हणतील, असं कुठं असतं का? असतं. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत, २०१७ चे. त्यातला नियम २१५ ग्रंथालयांबद्दल आहे. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवली, तर ते वाजवी मानावं, असं तो नियम सांगतो. लबाडी किंवा हलगर्जी नसावी आणि हजार रुपयांवरचं महाग पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी व्हावी, एवढी अट. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला तो जसाच्या तसा बांधील नाही, हे सरांना प्रामाणिकपणे सांगा. पण पै-पैचा हिशेब ठेवणारं सरकारचं वित्त खातंसुद्धा पुस्तक हरवणार हे धरून चालतं, एवढं त्यातून दिसतं. दहा भाषणांपेक्षा हा एक नियम मुख्याध्यापकाला जास्त धीर देईल. त्याची प्रत मोबाइलवर सापडते. छापून न्या. छापील कागदाचं वजन वेगळं.

ठराव झाला की लगेच सगळं कपाट रिकामं करायला लावू नका. एका वर्गापासून सुरू करा. पाचवी घ्या, तुमची मुलगी तिथं आहे म्हणून नव्हे, तर त्या वयाची पोरं पुस्तक घरी नेऊन परत आणण्याइतकी मोठी असतात आणि अजून वाचनाला कंटाळलेली नसतात. आठवड्यातली एक तासिका वेळापत्रकात लिहून घ्या. लिहून, असं मुद्दाम म्हणते आहे. ‘वेळ मिळेल तेव्हा देऊ’ म्हटलं की वेळ मिळत नाही. पहिली ते आठवीला शनिवारी ‘आनंददायी शनिवार’ आहेच, त्यात पुस्तकांना जागा मागितली तर कुणाचा अभ्यास बुडत नाही आणि नवा आदेशही लागत नाही.

व्हरांड्यात सुतळी बांधा, कपड्याच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवा, मुखपृष्ठ समोर येईल अशी. लहान पोरं पुस्तक निवडतात ती चित्र बघून. थप्पीतल्या कडा बघून कुणाला काय कळणार? पुस्तकं देण्या-घेण्याचं काम सहावी-सातवीच्या दोन मुलींकडे सोपवा. नावं, तारीख, पुस्तक, परत आल्याची खूण, एवढीच वही. ही कल्पना नवी नाही. पुण्याच्या प्रदीप लोखंडे यांनी खेड्यापाड्यांतल्या माध्यमिक शाळांमध्ये ‘ग्यान-की’ वाचनालयं उभी केली, त्यांचा कारभारही शाळेतल्या मुलीकडेच असतो. मुलांच्या हाती कारभार दिला की पुस्तकं जास्त हरवतील ही मोठ्यांची समजूत. मी पाहिलेल्या शाळांत उलटंच दिसलं. एखादी सातवीतली पोरगी वही घेऊन दारात उभी राहिली की पुस्तक परत मागण्यात ती गुरुजींपेक्षा कडक असते.

फाटलेल्या पुस्तकांसाठी चिकटपट्टी, सुई-दोरा आणि एक खोकं ठेवा. महिन्यातून एकदा पोरांनीच दुरुस्ती करायची. त्या दिवशी तुम्हीही जा. एक पालक बाई शाळेत बसून पुस्तकं शिवते आहे ही बातमी गावभर आपोआप फिरते.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे येते.

पुण्यातून पुस्तकं गोळा करू नका. निदान आत्ता नको. शहरातून येणाऱ्या पेट्या मी उघडल्या आहेत. त्यात जुने गाइड असतात, स्पर्धा परीक्षांची कालबाह्य पुस्तकं असतात, इंजिनिअरिंगची, अर्धी सुटलेले दिवाळी अंक, आणि मध्येच कुणाच्या तरी आजोबांचा ज्योतिषाचा ग्रंथ. देणाऱ्याचा माळा रिकामा होतो आणि शाळेच्या वहीत आणखी ऐंशी दाखल अंक चढतात. कपाट उघडत नसेल तर चांगली पुस्तकंही त्याच कपाटात जाऊन बसतील. आधी आहेत ती फिरू द्या. तीन-चार महिन्यांत वहीवरून कळेल, पोरं काय पुन्हा पुन्हा नेतात. मग नातेवाइकांना पुस्तकांची नावं देऊन सांगा, हीच विकत घेऊन द्या. लहानांना चित्रं मोठी आणि मजकूर थोडा असलेली पुस्तकं लागतात, ती आपल्या शाळांत सगळ्यात कमी असतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, फुकट आहेत आणि छापून घ्यायलाही परवानगी आहे. आणि ‘किशोर’ची वर्गणी भरा. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून चालू आहे. दर महिन्याला शाळेत काहीतरी नवं येतं, याची पोरांना चटक लागते.

ग्रंथपालाचा अर्ज करून काही हाती लागणार नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ते पदच नाही. अनुदानित माध्यमिक शाळांत आहे, तेही पटावर अवलंबून, आणि तिथेही कित्येकांनी अर्धवेळ म्हणून उमेदीची वर्षं घालवली. मागणी योग्य आहे. निदान एका केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या शाळांना मिळून एक तरी फिरता ग्रंथपाल हवा, असं माझं जुनं मत आहे. पण ही लढाई राज्याच्या पातळीवरची आहे. तुमच्या शाळेची पोरं तोवर थांबू शकत नाहीत. शाळा विकास आराखडा करायची वेळ येईल तेव्हा त्यात ही गरज लिहा, म्हणजे कागदावर राहील, आणि पुढे चला.

तक्रार शेवटी. कायदा तुमच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलेलं आहे, वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसकट. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत तरतूद आहे, शाळेच्या इयत्तांप्रमाणे. पुष्कळदा पुस्तकं वरूनच निवडून येतात, म्हणून तुम्हाला पैसा दिसत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर तीस दिवसांत सगळा हिशेब मागता येईल. पण तसं केलंत तर काय होईल ते सांगते. कपाट उघडेल, पुस्तकं टेबलावर मांडली जातील, फोटो निघेल, उत्तर जाईल आणि कपाट बंद होईल. ज्या माणसानं दर आठवड्याला पुस्तकं हातानं काढून द्यायची आहेत, त्याला आरोपी करून हे काम होत नाही. समितीत तीन-चार वेळा रीतसर विषय मांडूनही सर ठरावच लिहून घेत नसतील तर केंद्रप्रमुखांशी बोला, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीच्या नावानं पत्र द्या. एकट्या तुमच्या नावानं नको. तुमची पोरं तिथं शिकतात ही तुमची काळजी मला पटते, आणि म्हणूनच प्रत्येक कागदावर ‘समिती’ असावं, ‘मी’ नसावं.

गावाला पटवणं. याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त काळजीत दिसता. मला वाटतं, पटवायला जाऊच नका.

वाचनसंस्कृती वगैरे शब्द बैठकीत काढलेत की मंडळी मान हलवतील आणि चहा आला का बघतील. त्यांची भाषा नवोदयची आहे ना, मग तीच बोला. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत भाषेचे वीस प्रश्न असतात, पंचवीस गुणांचे, आणि ते उताऱ्यांवरचे असतात. पोरानं आयुष्यात न पाहिलेला उतारा समोर येतो, तो वाचून समजून घ्यायचा आणि उत्तर द्यायचं. गाइडमधले उतारे घोकून ते जमत नाही, कारण परीक्षेत तो उतारा येत नाही. रोज काहीतरी नवं वाचायची सवय हाच त्याचा सराव, आणि तो फुकटात त्या कपाटात पडून आहे. गणितातलं शाब्दिक उदाहरणही आधी वाचता यावं लागतं. खरं सांगायचं तर गोष्टीच्या पुस्तकाची अशी गुणांत किंमत करायला मला आवडत नाही. पोरानं हसत हसत गोष्ट वाचली, एवढं मला पुरतं. पण बैठकीत बसलेल्या ऊसवाल्या दादांना त्यांच्या पोराची चिंता आहे, ती खरी आहे, तिचा मान ठेवूनच बोलायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तक घरी जाऊ द्या. गावात जागृती म्हणतात ती या वाटेनं होते. पोरगी घरी पुस्तक आणते, आजीला वाचून दाखवते, आजी म्हणते ‘पुढं काय झालं?’ आणि दुसऱ्या दिवशी पोरीला पुढचं पुस्तक हवं असतं. ज्या घरात आई-बाप वाचू शकत नाहीत तिथं तर हे अधिक होतं, कारण तिथं वाचणारं माणूस ते पोरच असतं. दोन महिन्यांनी पालकच सरांना विचारतील, या आठवड्यात पुस्तक का नाही दिलं? तेव्हा तुम्हाला बोलावंसुद्धा लागणार नाही.

एक मात्र करू नका. पालकसभेत पोरांना उभं करून वाचायला लावू नका. हौशी कार्यकर्ते हे नेहमी करतात. ज्याला येतं तो वाचतो, टाळ्या मिळतात. ज्याला येत नाही त्याची मान खाली जाते, त्याच्या आईचीही, आणि ते पोर पुस्तकांपासून कायमचं लांब जातं.

सभेत मांडायचंच असेल तर वही मांडा. १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, २०१५ पासून. बहुतेक शाळांत त्या दिवशी पोरं रांगेत बसतात, हातात पुस्तक देतात, फोटो वर जातो. तुमच्या शाळेत त्या दिवशी वही सांभाळणाऱ्या त्या दोन मुलींनी वही वाचून दाखवावी: जुलैपासून किती पुस्तकं घरी गेली, कोणतं सर्वांत जास्त वेळा गेलं, किती फाटली, किती शिवली, किती हरवली. हरवलेलीही सांगायची, लपवायची नाहीत. तो आकडा सरांनी स्वतः ऐकावा, म्हणजे त्यांची भीती जितकी मोठी होती तितका तो मोठा नाही हे त्यांच्या लक्षात येईल. तोच कागद पुढे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत न्या आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेच्या वाचनखोलीसाठी, मांडण्यांसाठी तरतूद मागा. ग्रामपंचायतीला काम दाखवता येईल असं काही लागतं. व्हरांड्यातली पुस्तकांची मांडणी रस्त्यावरून दिसते, हे सरपंचांना सांगायला हरकत नाही.

पुस्तकं असणं वेगळं आणि फिरणं वेगळं, हा फरक अधिकाऱ्यांशी बोलतानाही धरून ठेवा. शाळेची माहिती दरवर्षी यू-डायस या सरकारी नोंदणीत भरली जाते, त्यात ग्रंथालय आहे का आणि पुस्तकं किती हे येतं. तुमच्या शाळेचा अकरा अंकी क्रमांक घालून तुम्हालाही काही माहिती बघता येते. तिथं बहुधा ‘आहे’ असंच लिहिलेलं सापडेल, आणि ते खोटंही नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत मात्र शाळेत गेलेला माणूस आणखी एक गोष्ट नोंदवतो: त्या दिवशी मुलं ती पुस्तकं वापरताना दिसली का. केंद्रप्रमुख भेटीला आले की तुम्ही पुस्तकांची संख्या सांगू नका, देवघेवीची वही पुढे करा.

गावात किंवा शेजारच्या गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय आहे का, तेही बघा. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अशी हजारो वाचनालयं अनुदानावर चालतात. त्यांनाही वाचक दाखवावे लागतात, आणि कित्येक ठिकाणी बालविभागात फक्त पाटी असते. महिन्याला पन्नास पुस्तकं शाळेला देऊन बदलून नेण्याचं त्यांच्याशी ठरलं तर दोघांचंही काम होतं. तुम्ही माहेरी सभासद होतात, तुम्हाला त्या ग्रंथपालांशी कसं बोलायचं ते वेगळं सांगायला नको.

सरांना आधी एकटं गाठा, बैठकीत नव्हे. शाळा सुटल्यावर जा, बरोबर दुसरी एखादी सदस्य बाई असू द्या. ‘पुस्तकं का देत नाही’ असं विचारू नका. ‘सर, पुस्तकं हरवली तर तुमच्या अंगावर येऊ नये असा ठराव समितीनं करावा म्हणते, मसुदा बघता का?’ असं म्हणा. त्यांनी दोन शब्द बदलायला सांगितले तर बदला, त्यांच्या अक्षरात बदलले तर आणखी चांगलं. मग अध्यक्षांना सांगून पुढच्या बैठकीच्या सूचनेत विषय घालून घ्या, ‘आयत्या वेळच्या विषयां’त ठेवू नका, तिथं पोचेपर्यंत निम्मे सदस्य उठून गेलेले असतात. ठरावाला सूचक म्हणून ते नवोदयवाले दादा मिळाले तर बघा, अनुमोदक तुम्ही व्हा. आणि इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या त्याच दिवशी घ्या, ठरावाची एक झेरॉक्स सरांच्या फाइलला लावा आणि एक स्वतःकडे ठेवा. सरांची बदली झाली की नव्या मुख्याध्यापकांना पहिल्याच भेटीत ती लागेल.